लिंबाच्या झाडापर्यंत गेलेली वायर

त्या फोटोला कुणी छान म्हटलं की मला किळस येते. तीन पिल्लं, तीन उघड्या चोची, आतून लालभडक, मागे हिरवं धूसर. लोक म्हणतात, कित्ती गोड! कुणी लिहितं, आईची वाट बघतायत. मला एकेकाला धरून सांगावंसं वाटतं की गोड नाहीये ते, छी आहे, आणि ते मी केलंय. म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकते.

आम्ही झाशीला टाउनशिपमध्ये राहतो. बाबा फॅक्टरीत इंजिनियर, मूळचे अकोल्याचे, आईपण तिकडचीच. मी इथेच वाढले, त्यामुळे माझं मराठी अर्धं घरातलं आणि अर्धं बाहेरच्या हिंदीतलं, वाचताना सांभाळून घ्या. आमचं क्वार्टर तळमजल्याला आहे. मागे बोटभर अंगण, त्यात आईचं कागदी लिंबाचं झाड. स्वैपाकघराची खिडकी बरोबर त्याच्याकडे उघडते.

यंदा त्या झाडात बुलबुलने घरटं केलं. काळ्या टोपीवाला, शेपटीखाली लाल ठिपका असतो नं, तोच. घरटं माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, एवढुसं, वाटीसारखं. अंडी दिसली त्या दिवसापासून आईने अंगणात कर्फ्यू लावला. कपड्यांची दोरी पुढच्या बाजूला गेली. भांडीवालीला सांगितलं, उधर जोर से मत बोलना. झाडाला पाणी घालायचं तेपण लांबून पाइपने, सकाळी एकदाच. आणि मुंग्या चढू नयेत म्हणून बुंध्याभोवती हळदीचं जाड कडं. रोज नवीन. बाबा म्हणाले, "अगं, या महिन्यात वरणात हळद कमी आणि झाडाला जास्त होऊन राहिली." आई म्हणाली, "बाळंतीण आहे ती. तुम्हाला नाही कळायचं."

मला मात्र तिने बजावून ठेवलं होतं. "तुझं ते कॅमेरा-बिमेरा इकडे आणायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीत कुणी फोटो काढतं का?"

मी म्हटलं, "आई, आजकाल तर सगळे काढतात."

"काढू दे. आपण नाही काढत."

कॅमेरा माझा सेकंडहँड, मावसभावाकडून आलेला. त्याच्यासोबतची साधी लेन्स, जवळचंच दिसतं तिच्यात. लांबून पक्षी काढायची ती तोफेसारखी लेन्स माझ्याकडे नाही आणि कधी येईल असं वाटतपण नाही. त्यावर उपाय म्हणून मी वायरवाला रिमोट मागवला होता. एक छोटी डबी, तिच्यावर एक बटण, आणि एक वायर जी कॅमेऱ्यात खोचायची. बटण अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. आणि दाबून पुढे सरकवलं की ते तिथेच अडकून बसतं, बोट काढलं तरी दाबलेलंच राहतं. म्हणजे कॅमेरा तिथे, तुम्ही इथे.

हे सगळं मला शिकवलं ते एका काकांनी. आमचे नातेवाईक नाहीत. झाशीतल्या जुन्या मराठी घरातले, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, रेल्वेत बाबू होते, आता रिटायर. सिविल लाइंसमध्ये राहतात. टाउनशिपच्या क्लबात फोटोग्राफीचं जे काय चालतं ते सगळं तेच चालवतात. फार गोड माणूस. फोटोला अजून 'तसबीर' म्हणतात, कपाटाला 'फडताळ', आणि दोन वाक्यांनंतर सरळ हिंदीत जातात. मला पहिल्यांदा मॅन्युअल मोडवर आणलं त्यांनीच. बेतवा नदीकाठच्या एरच गावाला नेलं होतं, नदीचं पाणी दुधासारखं कसं दिसतं ते दाखवायला. तेव्हाच ते बटण पुढे सरकवून अडकवायचं शिकले. मी त्यांची फॅन होते हो. हे आधी सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मला ते कधी आवडतच नव्हते.

मे महिन्यात क्लबात फोटोंचं प्रदर्शन असतं. दरवर्षी तेच किल्ल्याचे फोटो, तोच सूर्यास्त. मी काकांना बोलून गेले की आमच्याकडे पिल्लं निघालीयेत. अंडी फुटून पाचवा-सहावा दिवस असेल. काकांचे डोळे असे चमकले! "अगं, मग बसलीस काय? पंख फुटले की संपलं. तसबीर हीच. आई चोचीत अळी घेऊन येतेय आणि खाली तीन तोंडं! पहिलं बक्षीस तुझं, लिहून घे."

"काका, आईने मना केलंय."

"आई किधर जाती है कभी?"

आई शुक्रवारी जाते. लक्ष्मी ताल तळ्याकाठच्या महालक्ष्मीला, टाउनशिपमधल्या इतर मराठी काकूंबरोबर, सकाळी नऊला निघाल्या की गप्पा मारत बारापर्यंत येतात. हे मी काकांना सांगितलं. मीच. कुणी हात पिरगाळून नाही काढून घेतलं माझ्याकडून.

शुक्रवारी साडेनऊला काका हजर. खांद्यावर ट्रायपॉड, पिशवीत सुतळीचा गुंडा आणि वायर लांब करायची एक्स्टेन्शन. माझी वायर जेमतेम मीटरभर, त्यांची जोडली तर थेट खिडकीतून आत येते. मी फक्त उड्या मारायची बाकी होते.

काकांनी घरटं एक डोळा मिटून बघितलं. "लाइट नाही. पानं मधे येतायत. जरा हजामत करावी लागेल. कैंची दे."

मी स्वैपाकघरातली कात्री दिली. आई जिने कोथिंबीर कापते ती. त्यांनी घरट्यावरच्या फांद्या खचाखच कापल्या, लिंबाचा वास सुटला नुसता. एक जाड फांदी कापायला जीवावर आलं म्हणून ती सुतळीने ओढून ट्रायपॉडच्या पायाला बांधली. घरटं उघडं पडलं, स्टेजवर ठेवल्यासारखं. मला वाटलं, वा! सगळे फोटोग्राफर असंच करत असणार. आपल्याला ते सुंदर फोटो दिसतात, कापलेल्या फांद्या थोड्याच दिसतात.

कॅमेरा घरट्यापासून हातभर. फोकस नीट लावून लॉक केला. वायर ट्रायपॉडवरून, अंगणावरून, खिडकीच्या जाळीच्या फटीतून आत, ओट्यावर. रिमोट माझ्या हातात. आम्ही दोघं आत, जाळीला नाक लावून.

बुलबुल आली. भिंतीवर बसली. चोचीत हिरवं काहीतरी वळवळत होतं. तिने झाडाकडे बघितलं, तिथे झाडच वेगळं. तीन पायांचं काळं काहीतरी उभं. ती ओरडली, उडाली, परत आली, परत ओरडली.

"सबर," काका पुटपुटले. "येईल. आई आहे ती, जाणार कुठे?"

अर्धा तास गेला. पाऊण. ती भिंतीवरून पुढे येईना. एकदा घरट्याच्या कडेपर्यंत आली, मी बटण दाबलं, खटॅक! आणि ती गेली बाणासारखी. आमचा कॅमेरा जुना, आवाज करतो. बाहेर उन्हं चढली होती, आमच्याकडची मे मधली साडेदहाची उन्हं म्हणजे दुपारच. जाळीतून झळा येत होत्या. काकांनी घाम पुसला.

"असं कर, सारखे फोटो येतात त्या मोडवर टाक आणि बटण अडकवून ठेव. आपण चहा पिऊ. ती कधीही येऊ दे, आपोआप सापडेल. हजारातून एक तरी निघेलच."

किती हुशार आयडिया वाटली मला! मी बटण दाबून पुढे सरकवलं. बाहेर कॅमेरा सुरू झाला, खटॅक खटॅक खटॅक. आम्ही पुढच्या खोलीत कूलरसमोर जाऊन बसलो. कूलरच्या घरघरीत तो आवाज ऐकूपण येईना.

मी चहा केला, सकाळचे पोहे गरम केले. आणि आम्ही गप्पा मारल्या. हे मला सगळ्यात किळसवाणं वाटतं, की आम्ही इतक्या मजेत गप्पा मारल्या. प्रिंट केवढी काढायची. मॅट की ग्लॉसी. फोटोला नाव काय द्यायचं. काका म्हणाले, "आस." मी म्हटलं, "काका, हे तर आपल्या कॉलनीत कुणाच्या तरी मुलीचं नाव असेल." ते इतके हसले की पोहे नाकात गेले. पाऊण तास असाच गेला. जास्तच असेल.

मग मी ओट्याकडे गेले. बाहेर सगळं गप्प. कार्ड भरलं असणार. रिमोट उचलला, बटण मागे घ्यायला अंगठा लावला आणि अंगठ्यावर काहीतरी चाललं.

लाल मुंग्या. ओट्यावर साखरेच्या डब्यापाशी नेहमी फिरतात त्याच. त्यांची रांग डब्यापासून रिमोटवर, रिमोटवरून वायरवर, वायरवरून खिडकीच्या बाहेर. एक सरळ, शिस्तीत चाललेली रांग. मी जाळीतून बघत गेले ती कुठे जाते. वायरवरून कॅमेऱ्यावर, कॅमेऱ्यावरून ट्रायपॉडवर, तिथून सुतळीवर, सुतळीवरून त्या बांधलेल्या फांदीवर. खाली बुंध्याशी आईचं हळदीचं कडं पिवळंधम्मक, एक मुंगी त्याला शिवली नव्हती. गरजच काय, आम्ही वरून पूल बांधून दिला होता.

मी धावत बाहेर गेले. पिल्लांवर सरळ ऊन पडत होतं. तिघांची तोंडं उघडी. दोघांची अंगं धापा टाकत होती, नुसती कातडी वरखाली. तिसऱ्याची मान घरट्याच्या कडेवरून बाहेर लोंबत होती आणि त्याच्या डोळ्यात… नाही, लिहितेच. त्याच्या डोळ्यात मुंग्या होत्या. डोळे नुकते उघडायला लागले होते त्यांचे. त्या फटीतून आत-बाहेर करत होत्या.

मी ओरडले. काका आले. त्यांनी बघितलं, "अरे राम राम," म्हणाले, रुमालाने फांदीवरच्या मुंग्या झटकल्या, सुतळी सोडली, ट्रायपॉड मागे ओढला. तेवढं केलं, खोटं कशाला बोलू. मग त्याच हाताने कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो मागे-पुढे करायला लागले. आणि थांबले.

"अगं… हे बघ. काय तसबीर आलीये!"

मी बघितलं. खरंच आली होती. तीन लाल चोची, रेशमासारखा उजेड, मागचं सगळं धूसर. आणि शपथेवर सांगते, दीड-दोन सेकंद मला फक्त 'वॉव' एवढंच वाटलं. पिल्लू तिथे हातभरावर लोंबतंय आणि मी स्क्रीनवर वॉव. यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. आई त्या दिवशी लवकर आली.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती आधी अंगणात आली, हातातला प्रसादाचा द्रोण तुळशीपाशी ठेवला, कापलेल्या फांद्या बघितल्या, वायर बघितली. "हे काय करून राहिले तुम्ही?" एवढंच, हळू आवाजात. मग आत गेली, बाबांची मोठी काळी छत्री आणि चमचा घेऊन आली. छत्री उघडून झाडाच्या वरच्या फांद्यांत अडकवली, सुतळीने बांधली. चमच्याने मेलेलं पिल्लू उचललं. बाकीच्या दोघांच्या अंगावरच्या मुंग्या एकेक करून कापसाच्या बोळ्याने टिपल्या. पंधरा मिनिटं.

काका म्हणाले, "वहिनी, निसर्ग आहे. तीनमधलं एखादं जातंच. होता है."

आई म्हणाली, "भाऊजी, तुम्ही घरी जा."

मग ती कात्री तिला ओट्यावर दिसली. तिने ती नाकाशी नेली, लिंबाचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काकांनी मागितली." ती म्हणाली, "दिली कोणी?"

त्या दिवशी आम्ही स्वैपाकघराचा दिवापण लावला नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा बुलबुल आली. छत्रीला घाबरली, दोनदा परत गेली, मग आत घुसली. आई खिडकीमागे पदर तोंडाशी धरून उभी होती. "घातलं," म्हणाली. "एकाला घातलं." सकाळी दुसरंही गेलेलं होतं. राहिलं एक.

मी कार्ड कॉम्प्युटरला लावून सगळे फोटो एकामागे एक बघितले. हजारो. भरभर सरकवले तर सिनेमाच होतो. आधी सावलीचा एक तुकडा घरट्यावर आहे, मग तो सरकत सरकत जातो. चोची सुरुवातीला मिटलेल्या आहेत. सावली गेली की उघडतात आणि मग मिटतच नाहीत. मी गुगल केलं. एवढीशी पिल्लं गरम झालं की तोंड उघडतात, धापा टाकतात. भूक नव्हती ती. आणि मधेमधे काही फोटोंच्या कोपऱ्यात एक पुसट पंख. ती आली होती, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी पुढच्या फोटोत पंख नाही. आमच्या खटॅकने ती परत जात होती आणि आम्ही कूलरसमोर मॅट की ग्लॉसी करत होतो.

मी काकांना फोन केला. म्हटलं, तो फोटो लावायचा नाही. ते म्हणाले, "बेटा, प्रिंट झाली. आणि नाव तुझंच टाकलंय." फोटो त्यांच्याकडे कसा गेला? मीच पाठवला होता, शुक्रवारीच, आई अंगणात असताना. त्यांनी व्हॉट्सॅपवर मागितला, मी पाठवला. हे लिहिताना कान गरम होतायत.

प्रदर्शन पुढच्या रविवारी होतं. मी गेले. का गेले? बघायला, की काढून टाकायला, मला माहीत नाही. फोटो मधोमध. खाली हिंदीत 'आस'. समोर गर्दी. शेजारच्या ब्लॉकमधल्या एक आंटी मुलीला उचलून दाखवत होत्या, "देखो बेटा, बेबी बर्ड्स! मम्मी खाना ला रही है, इसलिए मुँह खोला है."

"नहीं आंटी," मी म्हटलं. मोठ्यानेच निघालं. "मम्मी नहीं आ रही. हमने उसको आने नहीं दिया. ये गर्मी से मर रहे हैं. इस वाले को चींटियाँ खा गईं, दस मिनट बाद."

आंटींनी मुलीचं तोंड आपल्या खांद्यावर दाबलं. मला वाटलं, झालं. आता सगळे काकांवर तुटून पडतील, माझ्यावर पडतील, फोटो उतरेल. मला ते हवं होतं, खरं सांगते.

क्लबातले एक सर पुढे आले, जाड चष्मा, गळ्यात माझ्या कॅमेऱ्याच्या तिप्पट कॅमेरा. फोटोकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "ओहो. अब तो और भी पावरफुल हो गया." मग मला, "सेटिंग क्या रखी थी?"

आणि काका! काकांनी खिशातून पेन काढलं. 'आस' वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'तपन'. मग गर्दीकडे वळून बोलायला लागले की बघा, उष्णता किती वाढलीये, पक्ष्यांचे काय हाल होतायत, छतावर पाण्याचं भांडं ठेवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! आंटी डोळे पुसत होत्या. मी "फांद्या आम्ही कापल्या, आम्ही" म्हणत होते, आणि कुणीतरी माझ्या पाठीवर हात फिरवला, "बच्ची इमोशनल हो गई." पहिलं बक्षीस मिळालं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी गेले नाही, तर काकांनीच माझ्या वतीने घेतलं आणि चारचौघांत म्हणाले, "संकोची आहे पोरगी."

मी घरी पळत आले. चपला हातात, तळवे भाजले तरी. आईला सगळं सांगायचं होतं, तिने मला एक लगावली असती तर बरं वाटलं असतं.

आई मागच्या दारात मोडा, ते वेताचं स्टूल, टाकून बसली होती. मला बघून तिने बोट ओठांवर ठेवलं. उरलेलं पिल्लू घरट्याच्या काठावर आलं होतं. अजून नीट शेपटीपण नव्हती, नुसता पिसांचा गोळा, वर छत्रीची सावली. भिंतीवरून बुलबुल त्याला बोलावत होती. ते पुढे झुकायचं, मागे सरायचं. पडलं असतं तर खाली मांजर. आमच्या ब्लॉकमधला बोका भिंतीपलीकडे फिरत होता, आईने शेजारी काठी घेऊन ठेवलेली.

मी एक पाऊल पुढे टाकलं. बुलबुल गप्प झाली. पिल्लूपण मागे सरलं, घरट्यात बसलं.

"तू आत जा," आई म्हणाली.

"आई, मी काही नाही करणार, रिकामे हात आहेत बघ."

"दिसून राहिलं मला. पण तू आहेस तोवर ती नाही बोलवणार त्याला. जा."

मी आत गेले. आईने हात लांब करून बाहेरून खिडकीचं दार ओढून घेतलं. मी ओट्याला टेकून अंधारात उभी राहिले, आणि काही वेळाने बुलबुलचा आवाज परत सुरू झाला, एकसारखा, घाईघाईने. मग काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज, "हड्! हड्!" मग काहीच नाही.

बऱ्याच वेळाने आई आत आली. काठी कोपऱ्यात ठेवली, पाणी प्यायली.

"गेलं?"

"गेलं. भिंतीवरून पलीकडच्या मेंदीत. ती होती सोबत."

मला इतकं हलकं वाटलं की रडायलाच आलं. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, माझ्या डोक्यात आलं की पहिल्या उडीचा फोटो कसला आला असता. छी. मी आईला हेपण सांगितलं. तिने पोळ्यांची कणीक मळायला घेतली आणि मला म्हणाली, हात धू आधी, साबणाने.